बाकाविरुद्धची तक्रार

गावात बाक बसवायची कल्पना चष्मेवाल्यांची होती, हे कुणीही नाकारत नव्हतं. नाकारायची सोयच ठेवलेली नव्हती. बाकाच्या पाठीवर पितळी पट्टी होती, तिच्यावर 'थांबा, बसा, बोला' असं कोरलं होतं आणि त्याखाली 'संकल्पना' म्हणून त्यांच्या दुकानाचं नाव, पत्ता आणि दुकान उघडं असण्याच्या वेळा होत्या. वेळा द्यायची गरज नव्हती, असं बायकोचं मत पडलं. पण पट्टीवर जागा उरत होती, आणि कुठल्याही कागदावर किंवा धातूवर जागा उरलेली चष्मेवाल्यांना बघवत नसे.

तरी त्यांचा हेतू खरा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर सांगितलं तर ते कुणाला पटायचं नाही.

सत्तावीस वर्षं ते एकाच लांबट खोलीत बसून लोकांना एकच प्रश्न विचारत आले होते. चाचणीची जड फ्रेम समोरच्याच्या नाकावर चढवायची, पेटीतलं एक भिंग काढून दुसरं सरकवायचं आणि विचारायचं, "हे बरं की मगाचं बरं?" हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की काही माणसं दर सहा महिन्यांनी येऊन त्या खुर्चीत बसतात आणि त्यांचा नंबर केसभरही बदललेला नसतो. डोळे ठणठणीत. पण तुम्हाला काय बरं वाटतंय, असं विचारणारं गावात दुसरं कुणी उरलेलं नव्हतं. मुलं मोठ्या शहरांत गेलेली, शेजारी आपापल्या पडद्याआड, आणि समोरासमोर बोलणं झालंच तर ते 'तुमची गाडी जरा पुढे घ्या' एवढंच. हे लक्षात आल्यावर चष्मेवाल्यांना मनापासून वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की ते निबंध लिहीत.

'माझ्या गावाकडून माझ्या अपेक्षा' हा अकरा पानी निबंध त्यांनी वाचनालयाच्या सभागृहात वाचला. गाव म्हणजे घरं नव्हेत, दोन घरांच्या मधली जागा म्हणजे गाव, या वाक्याला तीन जणांनी डोळे पुसले. त्यातल्या एकाला डोळ्यांतून पाणी येण्याचा जुना विकार होता आणि त्याचं औषध चष्मेवाल्यांनीच सुचवलं होतं. पण उरले दोन.

निबंधातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे निनावी पेटी. लोकांच्या मनात साठलेलं बाहेर यावं म्हणून रहिवासी समितीने नगरपालिकेच्या दाराशी एक पेटी ठेवली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी पाचला ती सभेत उघडायची आणि चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. वाचायचं काम चष्मेवाल्यांकडे, कारण आवाज भारदस्त. चिठ्ठी कुणी लिहिली याचा शोध घ्यायचा नाही, असा ठरावच होता. त्यामुळे शोध सभेत न घेता, सभेनंतर चहाच्या वेळी घेतला जाई. गावात याहून चांगली करमणूक नव्हती. सलूनवाला तर दोन वाक्यांत माणूस ओळखायचा. डोकी हाताळून हाताळून ती आतून कशी चालतात हे त्याला कळतं, असा त्याचा दावा होता.

दुसरी गोष्ट म्हणजे बाक. बाक सगळ्यांना हवा होता, फक्त आपल्या दारात नको होता. तेव्हा चष्मेवाले उभे राहून म्हणाले, "माझ्या दुकानासमोर बसवा." टाळ्या पडल्या. बायको टाळ्या वाजवत नव्हती. ती दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहत होती आणि खिडकीखाली काय येणार हे तिला दिसत होतं. चष्मेवालेही तिथेच राहत होते, पण त्यांना टाळ्या ऐकू येत होत्या.

पहिला महिना सोन्याचा गेला. सकाळी सायकलवर फिरून आलेले, दुपारी काम नसलेले, संध्याकाळी घरी जायचं नसलेले, सगळे बाकावर. रस्त्याकडे तोंड केलं तर डोळ्यांवर ऊन येतं म्हणून बाक दुकानाच्या काचेकडे तोंड करून बसवला होता. म्हणजे बसणाऱ्याला समोर दुकान दिसे, दुकानात खुर्ची, खुर्चीत गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाच्या समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. दुकानाचं दार गरम होतं म्हणून उघडं.

दुसऱ्या महिन्यात सगळ्या बाकाला तक्ता पाठ झाला.

त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता, हीच पंचाईत. एखादी आजीबाई खुर्चीत बसून शेवटून दुसऱ्या ओळीशी झटत असायची, "ग... म... पुढचं काय बाई ते," की बाहेरून बेकरीवाला मायेने सांगायचा, "ठ आहे, आजी. ठ, व, न." आजी म्हणायच्या, "हो हो, ठ, व, न," आणि समाधानाने हसायच्या. चष्मेवाल्यांनी तक्ता बदलला. नवा तक्ता चार दिवसांत पाठ झाला. सलूनवाला स्वतः तपासायला आला तेव्हा त्याने सगळ्या ओळी वरून खाली आणि खालून वर म्हणून दाखवल्या. त्याला लांबचा नंबर नाही, असं चष्मेवाल्यांना नाइलाजाने सांगावं लागलं. त्याच आठवड्यात त्याने रस्त्यापलीकडून येणाऱ्या स्वतःच्या बायकोला, "या ताई, आत बसा, साहेब येतीलच," असं म्हटलं.

गाव जवळ येत होतं आणि गावाला दिसेनासं होत होतं. शिवाय दुपारी दोन ते चार दुकान बंद करून वर झोपायची चष्मेवाल्यांची सव्वीस वर्षांची सवय होती. सत्ताविसाव्या वर्षी ती मोडली. खाली बेकरीवाला प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचा. वाक्यं छोटी होती.

'बाक हलवा' असं चष्मेवाले कुणाला सांगणार? पट्टीवर त्यांचंच नाव. अकरा पानं त्यांचीच. शेवटी एका गुरुवारी, दोन गिऱ्हाइकांच्या मधे, त्यांनी रेघांच्या कागदावर डाव्या हाताने एक तक्रार लिहिली. आपण ओळखू येऊ नये म्हणून तक्त्याचा उल्लेख टाळला. दया यावी म्हणून लिहिलं, 'या रस्त्यावर एकट्या राहणाऱ्या वयस्क व्यक्तीला या बाकामुळे दुपारची झोप मिळत नाही. जी माणसं आपली कुणीच नाहीत त्यांच्या गप्पा दिवसभर ऐकाव्या लागतात, आणि आपलं कुणी नाही हे दिवसभर आठवतं.' हे वाक्य त्यांना इतकं साधलं की डाव्या हाताला कळ लागली तरी त्यांनी ते पूर्ण केलं. लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर कुणीही नव्हतं. एक सर्वसाधारण म्हातारपण होतं.

सोमवारी पेटी उघडली. चष्मेवाल्यांनी स्वतःची चिठ्ठी भारदस्त आवाजात वाचली. 'आपलं कुणी नाही' याच्या आधी किंचित थांबले.

चहाची वाट न बघता सलूनवाला म्हणाला, "कळलं."

"काय कळलं?" अध्यक्षांनी विचारलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. अजूनही कुठलाही कागद हातात आला की ते आधी त्याच्या मागे शिक्का बघत.

"एकट्या. वयस्क. या रस्त्यावर. बेकरीच्या वर कोण राहतं?"

बेकरीच्या वर सिस्टर राहत होत्या. सरकारी दवाखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या. निम्म्या गावाला त्यांनी सुया टोचल्या होत्या आणि त्यातलं कोण कोण रडलं हे त्यांच्या लक्षात होतं. लग्न केलं नव्हतं. चष्मेवाल्यांना ते आत्ता आठवलं. सबंध रस्त्यावर एकटं राहणारं म्हातारं माणूस एकच होतं, आणि सत्तावीस वर्षं समोरच्या खिडकीत होतं.

"पण सिस्टर रोज संध्याकाळी बाकावर येऊन बसतात की," कुणीतरी मागून म्हणालं.

"टेहळणीला," सलूनवाला म्हणाला.

"मी त्यांना रोज ताजा पाव देतो वर नेऊन," बेकरीवाला म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "आणि मी त्यांचा कुणीच नाही होय?"

आता बोलायला हवं होतं. चष्मेवाले उभेच होते, कागद हातातच होता. ते म्हणाले, "हे पाहा, आपला ठराव आहे. लिहिणाऱ्याचा शोध घ्यायचा नाही."

सगळ्यांनी मान डोलावली. चष्मेवाल्यांना माहीत आहे आणि ते सिस्टरांना सांभाळून घेतायत, असा त्याचा अर्थ लागला. तिसऱ्या रांगेतून बायको त्यांच्याकडे बघत होती. घराच्या जिन्यात म्हणाली, "अहो, दुसऱ्याच्या चिठ्ठ्या तुम्ही सलग वाचता. स्वतःचं असलं की जिथे लोकांनी 'वा' म्हणावं तिथे थांबता."

चष्मेवाले किल्ली शोधत राहिले. किल्ली हातात होती.

गावाने सिस्टरांना काही शिक्षा केली असं म्हणता येणार नाही. कुणी उणा शब्द बोललं नाही. शब्दच बोललं नाही. बाकावर एक पुठ्ठा लागला, 'हळू बोला, कुणाची तरी झोप मोडते.' सिस्टर संध्याकाळी पाचला खाली आल्या की बाक एकदम कुजबुजू लागे, दवाखान्यात कुजबुजतात तसा. त्या बसल्या की एकेकाला कामं आठवत. बेकरीवाला पाव वर नेऊन द्यायचा, पण दाराला अडकवून, घंटी न वाजवता. झोपमोड नको म्हणून. आठवड्याने सिस्टर खाली यायच्या बंद झाल्या.

दुसऱ्या आठवड्यात त्या दुकानात आल्या.

"जवळचं नीट दिसत नाही रे," खुर्चीत बसत म्हणाल्या. चष्मेवाल्यांना त्या अरे-तुरे करत, कारण ते सात वर्षांचे असताना गंजलेला खिळा पायात गेला होता आणि सुई सिस्टरांनी दिली होती. "लांबचंही बघून टाक. आलेच आहे तर."

बाक भरलेला होता. चष्मेवाल्यांनी त्यांना फ्रेम चढवली, डाव्या डोळ्यावर झाकण टाकलं आणि म्हणाले, "वाचा, सिस्टर."

त्यांनी पहिल्या तीन ओळी वाचल्या. चौथ्या ओळीला अडखळल्या. सवयीने चष्मेवाल्यांचे कान बाहेर गेले. बाहेरून आता अक्षर येणार, आणि ते नेहमीप्रमाणे चिडून म्हणणार, 'जरा गप्प बसा हो.'

बाहेरून काही आलं नाही. बेकरीवाला स्वतःच्या चपलेकडे बघत होता. सलूनवाला आभाळाकडे. सगळ्या बाकाला ते अक्षर पाठ होतं आणि सगळा बाक ओठ मिटून होता.

"आज कुणी सांगत नाहीये," सिस्टर म्हणाल्या.

"वाचा तुम्ही. घाई नाही."

"पंचवीसएक वर्षांपूर्वी याला टायफॉइड झाला होता. बेकरीवाल्याला. रात्रभर हात सोडला नव्हता माझा." त्या काचेतून बाहेर बघत होत्या. मग फ्रेम तशीच नाकावर ठेवून चष्मेवाल्यांकडे वळल्या. एक डोळा झाकलेला, दुसरा भिंगामागे मोठा झालेला. "मी कुणाला हल्ली काही वेडंवाकडं बोलले का रे? तुझ्या कानावर आलंय का काही? स्पष्ट सांग, मी रागवणार नाही."

चष्मेवाल्यांच्या हातात दीड नंबरचं भिंग होतं. ते त्यांनी कापडाने पुसलं. पुन्हा पुसलं.

"नाही, सिस्टर. छे. तुम्ही कशाला."

"बरं."

"हे बरं की मगाचं बरं?"

"काही फरक नाही," सिस्टर म्हणाल्या.

गेल्या तीन महिन्यांत त्या दुकानात एवढी अचूक तपासणी एकच झाली. चष्मेवाल्यांनी नंबर कागदावर लिहिला तेव्हा आकडे वाकडे आले. उजवा हात असून.

त्यानंतर त्यांचं अन्न गोड लागेना. शेवटी त्यांनी ठरवलं, सत्य सांगायचं. भर सभेत सांगायचं. लगेच कागद घेतला आणि चार पानी कबुलीजबाब लिहिला. त्यात 'माझ्यातल्या भ्याड माणसाला मी आज तुमच्यासमोर उभं करतो आहे' असं एक वाक्य होतं. ते त्यांनी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी पेटी रिकामी निघाली. निनावी लिहायला लोक आता बिचकत होते. चष्मेवाले उभे राहिले, खिशातून पानं काढली आणि वाचू लागले. "ती तक्रार मी लिहिली होती," इथपर्यंत पहिलं पान संपलं. दुसऱ्या पानावर त्यांचा आवाज भरून आला. तिसऱ्यावर पुढची रांग रुमाल काढू लागली. चौथं पान संपल्यावर अध्यक्ष उठले आणि टाळ्या वाजवू लागले. सगळं सभागृह उठलं.

"मंडळी," अध्यक्ष म्हणाले, "एका म्हाताऱ्या बाईची लाज राखायला या माणसाने स्वतःवर बालंट घेतलं."

"अहो, बालंट नाही. मीच लिहिली. खरंच."

"तेच म्हणतोय मी. अजून म्हणतायत बघा."

"डाव्या हाताने लिहिली. दुपारी. मला झोप मिळत नव्हती म्हणून."

"पुरे आता," सलूनवाला पुढे येऊन त्यांचा खांदा दाबत म्हणाला. "किती ओढवून घ्याल? तुम्ही एकटे राहता का? वहिनी समोर बसल्यात. मी डोकी ओळखतो, चष्मेवाले. तुमचं डोकं असल्या कामाचं नाही."

बेकरीवाला घसा खाकरून म्हणाला, "आणि त्यांना बघा. यांच्यासारख्या देवमाणसाला त्यांच्यापायी एवढं करावं लागतंय, आणि त्या सभेला आल्यासुद्धा नाहीत."

चष्मेवाले हात वर करून काही सांगू पाहत होते. टाळ्यांत ते अभिवादन वाटलं. सगळ्यात वाईट गोष्ट त्यांनी पुढे कुणालाच सांगितली नाही. टाळ्या चालू असताना मधे एक क्षण असा आला होता की त्या बऱ्या वाटल्या होत्या.

अभिनंदनाचा ठराव मंजूर झाला. बाकावर दुसरी पट्टी बसवावी अशी सूचनाही आली.

घरी आल्यावर बायकोने त्यांच्यापुढे पाणी ठेवलं आणि उभीच राहिली.

"माझं कुणी ऐकूनच घेतलं नाही," चष्मेवाले म्हणाले. "तू उठून सांगायचंस ना. तुला माहीत होतं."

"मी का सांगू? वाईट केलंत कुणाचं?"

"सिस्टरांचं."

"त्या होत्या सभेत?"

"नव्हत्या."

"माफी समोरच्या माडीवर मागायची होती. चौदा पायऱ्या आहेत. तुम्ही सभागृह बुक केलंत."

चष्मेवाल्यांनी ती चार पानं फाडायला घेतली, तर बायको म्हणाली, "राहू द्या. मागची बाजू कोरी आहे. वाणसामान लिहायला होईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी, झोपेच्या वेळी, चष्मेवाले रस्ता ओलांडून बेकरीच्या बाजूचा जिना चढले. बाकावरून चार डोकी वळली. काय मोठं मन आहे, असं कुणीतरी हळूच पण ऐकू जाईल इतपत म्हणालं. चौदाच पायऱ्या होत्या. त्या त्यांनी सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मोजल्या.

सिस्टरांच्या खोलीत खालच्या भट्टीची ऊब होती आणि पावाचा वास. खोली लख्ख असेल असं त्यांना वाटलं होतं. सिस्टर चादरीचे कोपरे मोजून दुमडणाऱ्यातल्या. पण कपाटाचे सगळे खण बाहेर ओढलेले होते. पलंगावर कागदांचे ढीग होते. जुनी बिलं, पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, वह्या.

"ये. खुर्चीवरचं खाली ठेव आणि बस. चष्मा झाला का?"

"शुक्रवारी होईल. सिस्टर, मी वेगळ्या कामासाठी आलोय."

"बोल."

चष्मेवाल्यांकडे आज पानं नव्हती. पानं नसताना काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "बाकाविरुद्धची ती तक्रार मी लिहिली."

रुग्णाला विचारावं तसं सिस्टरांनी विचारलं, "कुठल्या कागदावर?"

"रेघांच्या."

"शाई?"

"निळी."

"वार कुठला होता?"

"गुरुवार. सिस्टर, मला तुमचं नाव यात यावं असं..."

"थांब. म्हणजे मी नाही लिहिली?"

चष्मेवाल्यांनी वर पाहिलं. सिस्टर पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, हात ढिगावर टेकलेला.

"तुम्ही? नाही. मी लिहिली."

"नक्की?"

"नक्की, सिस्टर."

"ती चिठ्ठी माझी म्हणतात, हे तुझ्याकडे येऊन गेल्यावर मला कळलं. तेव्हापासून ते रेघांचं पॅड शोधतेय," त्या म्हणाल्या. "आधी वाटलं, लोक उगीच म्हणतायत. मग वाटलं, एवढी सगळी माणसं एकदम कशी चुकतील? मीच लिहिली असेन आणि विसरले असेन. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. लोकांना कागद लिहून पाठवायची, आणि विचारलं तर म्हणायची, मी नाही." त्या थांबल्या. "डॉक्टरकडे जाऊन आले परवा. नवीन पोरगा आहे. त्याने मला आजची तारीख विचारली. शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी बरोबर केले, तर म्हणतो, आजी, सुरुवातीला बरोबरच येतात."

चष्मेवाल्यांना खुर्चीत बसवेना आणि उठवेना.

"मी संस्थांना पत्रं लिहिली," सिस्टर म्हणाल्या, "अशा माणसांना ठेवून घेतात त्यांना. तिकडे जागा मिळाली तर ही खोली बेकरीवाल्याला द्यायची ठरवली होती. त्याला पिठाला जागा कमी पडते." मग त्या एकदम हसल्या. तोंडावर हात ठेवून, पोरीसारख्या, थांबता येईना तशा. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होत्या. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे."

"तुमचं डोकं आम्हा सगळ्यांपेक्षा ठीक आहे."

"बरं झालं बाबा, सांगितलंस," त्या म्हणाल्या. "फार उपकार झाले तुझे."

चष्मेवाल्यांनी आयुष्यात पुष्कळ आभार स्वीकारले होते. त्यासाठी मान किती झुकवायची हेही त्यांना माहीत होतं. ही मान कुठे न्यावी हे त्यांना कळेना.

"सिस्टर, असं म्हणू नका. मला शिव्या द्या."

"देईन. शिव्या कुठे जातात? आधी मला नीट श्वास घेऊ दे." त्यांनी पदराने डोळे पुसले. मग ढिगातून एक कोरा कागद ओढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "लिहून दे. उद्या सकाळी उठल्यावर वाटलं, हे मी स्वप्नात ऐकलं, तर? हाताशी कागद असलेला बरा."

चष्मेवाल्यांनी पेन घेतलं. 'मी, खाली सही करणार, अत्यंत खेदपूर्वक आणि आत्मपरीक्षणाअंती' इथपर्यंत आले, तेव्हा सिस्टरांनी कागद काढून घेतला.

"हे काय आहे? मला वाचता आलं पाहिजे. साधं लिही."

दुसऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं. 'बाकाविरुद्धची तक्रार मी लिहिली. सिस्टरांनी नाही. मला दुपारी झोपायचं होतं.' एवढ्याला त्यांना पंधरा मिनिटं लागली. खाली सही केली. तारीख सिस्टरांनी सांगितली, न चुकता.

"आता चल," त्या म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

"कुठे?"

"खाली. मला जवळचं दिसत नाही, माहीत आहे ना तुला? कुणाकडून तरी वाचून घ्यायला हवा."

पायऱ्या उतरताना त्यांनी चष्मेवाल्यांचा दंड धरला होता. रस्ता ओलांडला तेव्हा बाक कुजबुजायला लागला आणि दोघांना एकत्र बघून तेही थांबलं. सिस्टर सरळ सलूनवाल्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि कागद त्याच्या हातात दिला.

"वाच. मोठ्याने. हळू बोलायची गरज नाही, माझी झोप झाली आहे."

सलूनवाल्याने कागद हात लांब करून धरला, जवळ आणला, पुन्हा लांब केला. मग वाचला. तिसरं वाक्य वाचताना त्याचा आवाज उतरला. सही त्याने वाचली नाही, नुसती बघितली. दर महिन्याच्या ठरावांखाली बघितलेली होती.

कुणी टाळी वाजवली नाही. बेकरीवाला उठला आणि त्याने बसायच्या जागेवरचं पीठ हाताने झटकलं. पीठ नव्हतंच. सिस्टर तिथे बसल्या.

"टायफॉइडमध्ये बरा होतास तू," त्या त्याला म्हणाल्या. "निदान बोलायचास तरी."

बेकरीवाल्याने घसा खाकरला आणि खाली बघितलं.

चष्मेवाले अजून रस्त्यातच उभे होते. दुकानाचं दार बाकाच्या पलीकडे होतं, घराचा जिना दुकानातून. जायचं तर याच लोकांच्या पुढून जायचं होतं. वरच्या खिडकीत बायको आली होती. ती आत गेली नाही. चष्मेवाले निघाले. इतके दिवस त्यांना येताना बघून बाकावरचे 'या, या' म्हणत, कुणी जागा करून देत, कुणी कोपराने ढोसून थट्टा करत. आज सगळ्यांनी पाय आत घेतले. नीट, व्यवस्थित घेतले, एखादं नवखं गिऱ्हाईक दुकानात जाताना त्याला वाट द्यावी तसे.